खरी रॉक्सॅन कोण?

कपडे धुवायला निघालेली एक चौदा वर्षांची मुलगी. साल १९८४, जागा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली क्वीन्सब्रिज ही सरकारी वसाहत. सहा मजली इमारतींच्या रांगा, आत तीन हजारांवर बिऱ्हाडं. पोरीचं नाव लोलिता गुडन. वसाहतीतल्या मार्ली मार्ल नावाच्या तरुणाच्या घरात रेकॉर्डिंगचं सामान होतं, आणि तो व त्याची मित्रमंडळी त्या दिवसांत यूटीएफओ नावाच्या ब्रुकलिनच्या चमूवर खार खाऊन होती. कार्यक्रमाला येतो म्हणून त्या चमूने ऐनवेळी टांग दिली होती. यूटीएफओचं 'रॉक्सॅन, रॉक्सॅन' हे गाणं तेव्हा गाजत होतं. रॉक्सॅन नावाच्या एका ठसकेबाज मुलीवर तिघं लाइन मारतात, ती एकालाही भाव देत नाही, म्हणून तिच्या नावाने खडे फोडणारं गाणं. लोलिता म्हणाली, मी देते उत्तर.

मार्लीच्या घरात, त्याच गाण्याच्या ठेक्यावर, रॉक्सॅन होऊन तिने तिघांची सालटी काढली. लिहिलेलं काही नव्हतं, सुचेल तसं बोलत गेली. एका दमात काम आटोपलं. घाई होती, कपडे तसेच पडले होते. 'रॉक्सॅन्स रिव्हेंज' रेडिओवर वाजलं आणि लोलिता गुडनची 'रॉक्सॅन शांते' झाली.

खरी गंमत इथून पुढे आहे. मूळ रॉक्सॅन ही गाण्यातली, कल्पनेतली मुलगी. पण क्वीन्सब्रिजची हाडामांसाची पोरगी 'मीच ती' म्हणून उभी राहिल्यावर यूटीएफओला आपल्या कल्पनेवरचा मालकीहक्क शाबीत करणं भाग पडलं. त्यांनी आपली एक मुलगी उभी केली आणि तिचं नाव ठेवलं 'द रिअल रॉक्सॅन'. खरी रॉक्सॅन! ती जमली नाही, तेव्हा तिच्या जागी दुसरी खरी रॉक्सॅन आणली. मग लोटच आला. रॉक्सॅनच्या आईबापांचं गाणं निघालं, तिच्या डॉक्टरचं निघालं, रॉक्सॅन मुळात पुरुष आहे असं छातीठोक सांगणारं निघालं, आणि आता ही रॉक्सॅन पुरे करा अशी विनवणी करणारंही. मोजणारे तीसपासून शंभरापर्यंत कुठलाही आकडा सांगतात.

हिपहॉपमधली भांडणं म्हटलं की आपल्यासमोर सोन्याच्या साखळ्या आणि चालत्या गाडीतून झाडलेल्या गोळ्या येतात. मला मात्र हे पोरकट भांडण त्या सगळ्यांचं मूळपीठ वाटतं. जी बाई नव्हतीच तिच्यातली खरी कोण, यावर एक अख्खं शहर वर्षभर तावातावाने भांडत होतं.

या विषयात मी ओढला गेलो तो भाच्यामुळे. ४ मे २०२४, शनिवार सकाळ. सुट्टीला आलेला हा मुलगा पोह्यांची बशी एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा. अमेरिकेत शुक्रवारची रात्र होती आणि ड्रेक या रॅपरने केंड्रिक लमार या दुसऱ्या रॅपरवर साडेसात मिनिटांचं गाणं सोडलं होतं. ते ऐकून होईतो, पोहे निवायच्या आत, तो ओरडला, "मामा, थांब, केंड्रिकचं उत्तर आलं!" दुसऱ्या दिवशी आणखी एक आलं, आणि त्यावर ड्रेकचं आणखी एक. दोघंही एकमेकांवर जे आरोप करत होते ते ऐकून माझी बशी तशीच राहिली. मी विचारलं, "यातलं खरं कोण बोलतंय?" तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "खरं कोण बोलतंय ते नाही रे मामा. खरा कोण आहे, ते."

त्याने केलेला हा फरक मी तेव्हापासून उलगडत बसलो आहे.

मराठी माणसाला 'मी'चे दोन प्रकार चांगले ठाऊक आहेत. एक लावणीचा. राम जोशी, होनाजी बाळा, पट्ठे बापूराव हे सगळे पुरुष. पण त्यांच्या कितीतरी लावण्यांमधली 'मी' बाई आहे, विरहाने झुरणारी, नाही तर रुसलेली. बापूरावांना कुणी विचारलं नाही, की बुवा, तुम्हाला कधी शालूची चोळी घट्ट झाली होती? तो 'मी' मुखवटा आहे हे फडातल्या शेवटच्या प्रेक्षकालाही माहीत असतं. दुसरा 'मी' आत्मकथनाचा. १९७८ साली 'बलुतं' आलं तेव्हा त्यातला 'मी' साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. जे सोसलं ते सांगतो, आणि सोसलं म्हणूनच सांगायचा अधिकार आहे. तिथेही दया पवारांनी एक चलाखी केलीच आहे: बोलणारा दगडू मारुती पवार आणि ऐकणारा दया पवार असे एकाच माणसाचे दोन तुकडे करून पुस्तक सुरू होतं.

रॅपरला हे दोन्ही 'मी' एकाच वेळी हवे असतात. लावणीची सूट हवी आणि आत्मकथनाची पतही हवी. गाण्यात तो दहा माणसं लोळवतो, पोतंभर नोटा मोजतो. श्रोत्याला सांगतो, हे सगळं माझं, जगलेलं. कुणी त्यावर हिशेब मागितला की म्हणतो, अहो, गाणं आहे ते. हा तिढा कधी सुटत नाही. सुटू नये असंच दोन्ही बाजूंना वाटतं. भांडण उभं राहतं तेव्हा समोरचा नेमका या सांध्यावर घाव घालतो. तू जो म्हणवतोस तो तू नाहीस, एवढं एकच वाक्य प्रत्येक डिस ट्रॅकच्या, म्हणजे समोरच्याचा पाणउतारा करणाऱ्या गाण्याच्या, तळाशी असतं. बाकी सगळी यमकं.

आणि ही खोट जन्मापासूनची आहे. देशभर गाजलेली पहिली रॅप तबकडी म्हणजे १९७९ची 'रॅपर्स डिलाइट'. शुगरहिल गँग या नावाने तीन पोरं गोळा केली गेली, त्यातला एक हँक. तो न्यू जर्सीतल्या पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. ब्राँक्समध्ये ग्रँडमास्टर कॅझ नावाचा पट्टीचा रॅपर होता, हँक त्याच्या चमूची व्यवस्था बघायचा. तबकडीसाठी बोलावणं आलं तेव्हा हँकने कॅझकडे शब्द मागितले आणि कॅझने आपली वही पुढे केली. हँकने वहीतलं जसंच्या तसं म्हटलं. इतकं जसंच्या तसं, की कॅझ स्वतःचं टोपणनाव एकेक अक्षर सुटं करून सांगतो ती ओळही म्हणून टाकली! आजही ते गाणं लावा, हँकच्या तोंडून कॅझचं नाव ऐकू येतं. कॅझला त्या गाण्यावर श्रेय मिळालं नाही, पैसाही नाही.

आपल्याकडे सालोमालोची गोष्ट आहे. तुकोबांचे अभंग घ्यायचे आणि 'तुका म्हणे'च्या जागी आपलं नाव घालायचं. सालोमालो निदान नाममुद्रा बदलण्याइतका हुशार होता. हँकने तीही बदलली नाही.

या चोरीला हिपहॉपमध्ये 'बायटिंग' म्हणतात, दुसऱ्याच्या घासाचा लचका तोडणं. डिसेंबर १९८१मध्ये हार्लेम वर्ल्ड या क्लबात बिझी बी नावाचा कलाकार होता. हुकमी माणूस: टाळ्या वसूल करायच्या, समोरच्यांना हात वर करायला लावायचे, हशा पिकवायचा. आपल्याला हरवणारा कुणी नाही अशी त्याने बढाई मारली. मग कूल मो डी मंचावर आला आणि त्याने टाळ्या मागितल्याच नाहीत. त्याने बिझी बीवर खटला चालवला. तुझी यमकं उसनी, तुझ्याकडे स्वतःचं असं काय आहे? त्या रात्रीची कॅसेट हातोहात शहरभर गेली. त्याआधी रॅपरांच्या चढाओढीत लोकांना कोण जास्त नाचवतो ते बघायचे. त्यानंतर कोण समोरच्याला उघडा पाडतो ते बघू लागले.

इथे कलगी-तुऱ्याची आठवण येणं साहजिक आहे. एक फड शक्तीच्या बाजूचा, एक शिवाच्या बाजूचा, रात्रभर सवाल-जवाब, कोडी, कूट, समोरच्याला निरुत्तर करायचा आटापिटा. साम्य आहेच. पण कलगीवाल्या शाहिराला मायेचा अनुभव आहे का, हे तुरेवाला विचारत नाही. तो विचारतो, तुझं पुराण पक्कं आहे का. तिथे परीक्षा ज्ञानाची. ब्राँक्सच्या पोरांकडे पुराण नव्हतं, पोथी नव्हती. पत्ता होता. मग परीक्षा पत्त्याची झाली.

पत्त्यावरूनच पुढचं मोठं भांडण झालं. हिपहॉपची जन्मतिथी ११ ऑगस्ट १९७३ मानतात आणि जन्मस्थळ ब्राँक्समधली १५२०, सेज्विक अव्हेन्यू ही इमारत. जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्बेलने, म्हणजे कूल हर्कने, बहिणीने ठेवलेल्या पार्टीत तबकड्यांच्या मधला ठेका लांबवून पोरांना नाचवलं. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी तिला पैसे जमवायचे होते. १९८०च्या दशकाच्या मध्यावर क्वीन्सब्रिजच्या एमसी शानने आपल्या वसाहतीची थोरवी गाणारं 'द ब्रिज' काढलं. आमच्याकडे हे कसं सुरू झालं, एवढंच तो सांगत होता. पण ब्राँक्सच्या कानाला ते 'हिपहॉप आमच्याकडे सुरू झालं' असं लागलं. केआरएस-वन हा तेव्हा विशीतला पोरगा ब्राँक्समधल्या बेघरांच्या निवाऱ्यात राहत होता. तिथेच समाजसेवक म्हणून काम करणाऱ्या स्कॉट ला रॉकशी त्याची गाठ पडली आणि दोघांनी मिळून 'साउथ ब्राँक्स' काढलं. मग 'द ब्रिज इज ओव्हर'. शानचं बिचाऱ्याचं म्हणणं काय होतं ते कुणाला आठवत नाही, त्याचा पूल कोसळला तेवढं आठवतं. ज्याला स्वतःचं छप्पर नव्हतं त्याने अख्ख्या ब्राँक्सवर मालकी सांगितली आणि ती लोकांनी मान्य केली, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं वाटतं.

काही वर्षांनी स्प्राइटच्या जाहिरातीत हेच दोघं बॉक्सिंगच्या रिंगणात समोरासमोर उभे राहून एकमेकांवर यमकं फेकताना दिसले. भांडण बाटलीत भरून झालं होतं.

खोटेपणा पकडला गेला की माणूस संपतो, असा एक समज आहे. त्याला व्हॅनिला आइसचं उदाहरण देतात: १९९०मध्ये त्याचं गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, रॅपमधलं पहिलंच, मग त्याने रंगवलेलं मायामीच्या रस्त्यांवरचं बालपण खोटं असून स्वारी डॅलसच्या उपनगरातली आहे हे बाहेर आलं, आणि तो हास्यास्पद झाला. गोरा होता, हेही होतंच. पण रिक रॉसचं काय करायचं?

कॅलिफोर्नियात 'फ्रीवे' रिकी रॉस नावाचा कोकेनचा बडा व्यापारी होता, खराखुरा, शिक्षा भोगलेला. फ्लोरिडातल्या विल्यम रॉबर्ट्स नावाच्या रॅपरने त्याचं नाव उचललं आणि कोकेनच्या साम्राज्यावरची गाणी गाऊ लागला. २००८मध्ये कागदपत्रं बाहेर आली. हा रॉस पूर्वी तुरुंगात होता खरा, पण गजांच्या दुसऱ्या बाजूला! नव्वदच्या दशकात दीडेक वर्ष तो तुरुंगरक्षकाची सरकारी नोकरी करत होता. आधी त्याने साफ नाकारलं, मग मानलं. फिफ्टी सेंट या रॅपरने त्याची यथेच्छ टर उडवली. सगळ्यांना वाटलं, संपला. २००९ला त्याचा पुढचा अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

दरम्यान खरा रॉस तुरुंगातून सुटला, बाहेर येऊन पाहतो तर आपलं नाव लावून दुसराच कुणी श्रीमंत झालेला. त्याने दावा लावला. २०१३मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने रॅपरच्या बाजूने निकाल दिला: नाव आणि चरित्राचा कच्चा माल घेऊन त्याने त्यातून वेगळी कलाकृती उभी केली आहे, आणि ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं. म्हणजे न्यायालयाने रॉसला लावणीचा 'मी' बहाल केला. लोकांनी तो आधीच केला होता. का केला? माझ्या मते कारण साधं आहे, गाणी चांगली होती. त्या जाडजूड आवाजात एक ऐसपैस थाट होता, ऐकणाऱ्याला तो हवा होता. खरेपणाची फूटपट्टी श्रोते नेहमी खिशात बाळगतात आणि गाणं कंटाळवाणं झालं की बाहेर काढतात.

टुपाक आणि बिगी या रॅपरांविषयी मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण त्यांच्यावर लिहिणारे उदंड झाले आणि त्यातल्या बहुतेकांना त्या मृत्यूंची चटक लागलेली दिसते. नोव्हेंबर १९९४मध्ये न्यूयॉर्कच्या क्वाड स्टुडिओत टुपाकवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्यांच्याकडे तो निघाला होता त्यांना हे आधीच ठाऊक होतं, असं त्याने मनाशी पक्कं केलं. कालचा मित्र बिगी वैरी झाला, वैर दोन किनाऱ्यांचं झालं, मासिकांनी त्यावर मुखपृष्ठं केली. सप्टेंबर १९९६मध्ये लास व्हेगासला टुपाक गेला, पंचविसाव्या वर्षी. सहा महिन्यांत लॉस एंजेलिसला बिगी, चोविसाव्या. टुपाक बाल्टिमोरच्या कलाशाळेत शिकलेला होता, नाटक आणि बॅले दोन्ही. मुखवटा म्हणजे काय हे त्याच्याइतकं त्या पिढीत कुणाला ठाऊक नसेल. शेवटच्या दोन वर्षांतली त्याची छायाचित्रं पाहताना मला हेच आठवत राहतं.

त्यानंतर मोठ्या रॅपरांची भांडणं जरा जपून होऊ लागली. २००१मध्ये जे-झी आणि नास यांचं जुंपलं तेव्हा नासचं 'ईथर' वरचढ ठरलं. जे-झीने चिडून पुढचं उत्तर रेडिओवर दिलं, त्यात नासच्या मुलीच्या आईविषयी नको ते बोलला. ते ऐकलं ग्लोरिया कार्टर यांनी, म्हणजे जे-झीच्या मातोश्रींनी. त्यांनी पोराला फोन करून सांगितलं, माफी माग. न्यूयॉर्कचा अनभिषिक्त राजा म्हणवणारा हा गडी रेडिओवर गेला आणि माफी मागितली. रॅपच्या इतिहासातला सगळ्यात खरा क्षण निवडायचा तर मी हा निवडीन. चार वर्षांनी दोघं एका मंचावर आले, पुढे नास ज्या कंपनीत दाखल झाला तिचा अध्यक्ष जे-झीच होता.

आता भाच्याच्या पोह्यांकडे.

ड्रेक, म्हणजे ऑब्री ग्रॅहम, टोरंटोचा. किशोरवयात कॅनडातल्या 'डिग्रासी' या शाळकरी मालिकेत चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचं काम करायचा. म्हणजे नटच. पुढे जगात सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गायकांत गेला. त्याची पंचाईत अशी की त्याच्यावर सालोमालोपणाचा आरोप आधीच होऊन गेला होता. २०१५मध्ये मीक मिल या रॅपरने जाहीर केलं, हा आपले शब्द स्वतः लिहीत नाही. दुसऱ्याच्या आवाजातली कच्ची रेकॉर्डिंगही बाहेर आली. ड्रेकने 'बॅक टू बॅक' हे असं काही खटकेबाज गाणं काढलं की आरोप करणाराच हसण्यावारी गेला. हे रिक रॉसच्याच पंगतीतलं: गाणं जमलं, गुन्हा माफ. २०१८मध्ये पुशा टी याने त्याचा जगापासून लपवलेला मुलगा गाण्यातून जाहीर केला, तेव्हा मात्र ड्रेक पहिल्यांदा निरुत्तर झाला.

केंड्रिक लमार कॉम्प्टनचा, लॉस एंजेलिसच्या अंगालगतचा. बोलतो कमी. २०१८मध्ये त्याच्या अल्बमला पुलित्झर मिळालं, जे तोवर पाश्चात्त्य अभिजात संगीत किंवा जॅझ यांच्याच वाट्याला जायचं. ऑक्टोबर २०२३मध्ये जे. कोल या रॅपरने ड्रेकच्या गाण्यात 'आम्ही तिघं मोठे' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, तिसरा अर्थात केंड्रिक. मार्च २०२४मध्ये केंड्रिकने उत्तर दिलं: तिघं वगैरे नाही, मीच. कोलने एप्रिलमध्ये उलट गाणं काढलं आणि दोन दिवसांत आपल्याच महोत्सवाच्या मंचावरून माघार घेतली, मन खात होतं म्हणाला. त्याची खूप टिंगल झाली. पुढचं सगळं पाहता तो एकटाच शहाणा ठरला.

मग ड्रेकने एक अशी गोष्ट केली की मला ती या सगळ्या इतिहासाचं टोक वाटते. केंड्रिकला डिवचायला त्याने मेलेल्या टुपाकला बोलावलं. संगणकाने बनवलेला टुपाकचा आवाज, कॅलिफोर्नियाच्या पोराला कॅलिफोर्नियाच्या दैवताकडून कानउघाडणी. टुपाकच्या वारसांची वकिली नोटीस आली आणि गाणं काढून टाकावं लागलं. हँकने वही घेतली होती. याने गळा घेतला.

केंड्रिकचा मुख्य वार तिथेच होता. तू अटलांटाला जातोस, तिथल्या पोरांचा बाज, बोली, वजन उचलतोस, पण तू त्यांचा नाहीस, तू वसाहतवादी आहेस. सोबत अल्पवयीन मुलींबाबतचा अतिशय गंभीर आरोपही होता, ड्रेकने तो ठामपणे नाकारला. उलट ड्रेकचं म्हणणं, केंड्रिकचं समाजोद्धाराचं सोंग दिखाऊ आहे, आणि त्याच्या घरातल्या वागण्यावरही त्याने आरोप केले. केंड्रिकचं 'नॉट लाइक अस' आलं अमेरिकेतल्या ४ मेला. मस्टर्ड या निर्मात्याचा ठेका, अस्सल लॉस एंजेलिसचा. इतके विषारी शब्द, आणि लग्नाच्या वरातीत वाजवावं असं गाणं. माझा भाचा शब्द कळायच्या आधीच नाचायला लागला होता. निकाल तिथेच लागला, असं माझं मत. ७ मेला टोरंटोत ड्रेकच्या घराबाहेर गोळीबार होऊन त्याचा सुरक्षारक्षक गंभीर जखमी झाला. त्या गाण्याच्या मुखपृष्ठावर त्याच घराचं हवाई चित्र होतं.

१९ जूनला, गुलामगिरी संपल्याच्या दिवशी, इंगलवूडच्या कीया फोरममध्ये केंड्रिकने ते गाणं लागोपाठ पाच वेळा गायलं. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या टोळ्यांतली माणसं मंचावर एका छायाचित्रासाठी दाटीवाटीने उभी होती. केंड्रिकचे शब्द सगळं सभागृह म्हणत होतं. 'मी'चं 'आम्ही' झालं होतं, आणि 'आम्ही' झालं की 'ते' लागतातच.

जानेवारी २०२५मध्ये ड्रेक न्यायालयात गेला. केंड्रिकवर त्याने दावा लावला नाही. लावला तो युनिव्हर्सल म्युझिकवर, जी कंपनी दोघांचीही गाणी विकते. बदनामी झाली, जिवावर बेतलं, असं म्हणणं. हिपहॉपच्या चाहत्यांनी एका सुरात 'रडूबाई' म्हटलं. कंपनीच्या वकिलांनी एक मुद्दा काढला. सरकारी वकील रॅपरांच्या गाण्यातल्या ओळी पुरावा म्हणून वापरतात, काळ्या तरुणांना त्यावरून तुरुंगात पाठवतात, याविरुद्ध २०२२मध्ये एक जाहीर निवेदन निघालं होतं. गाणं म्हणजे कबुलीजबाब नव्हे, असं त्याचं सार. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी तसा कायदाही केला. त्या निवेदनावर ड्रेकची सही होती.

ऑक्टोबर २०२५मध्ये न्यायाधीश जनेट व्हार्गस यांनी दावा फेटाळला. दोन रॅपर हमरीतुमरीवर आलेत, दोघंही तोंडाला येईल ते बोलताहेत, अशा वेळी समंजस श्रोता त्यातल्या ओळींना पडताळून पाहण्याजोगी माहिती समजत नाही, असा निकालाचा आशय. मराठीत यासाठी एकच शब्द पुरतो: शिमगा. होळीच्या रात्री कुणी तुमच्या नावाने बोंब मारली म्हणून दुसऱ्या दिवशी पोलिसात जायचं नसतं. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांत 'डझन्स' नावाचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, एकमेकांच्या आयांवरून तालात शिव्या द्यायच्या, आणि जो आधी चिडेल तो हरला. ड्रेकने अपील केलं आहे. खेळाच्या नियमाने पाहिलं तर तो दावा लावला त्या दिवशीच हरला होता. पण घराच्या दारात माणूस रक्तबंबाळ पडलेला असताना खेळाचा नियम आठवावा, अशी अपेक्षा मी तरी करू शकत नाही.

निकाल वाचताना मला अंबरनाथ आठवलं. एप्रिल २०२३मध्ये राज मुंगसे या छत्रपती संभाजीनगरच्या तरुणाने 'पन्नास खोक्यां'च्या राजकारणावर मराठी रॅप केला आणि तिथल्या पोलीस ठाण्यात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडे याच्यावर 'भोंगळी केली जनता'वरून. गाण्यात कुणाचं नावच नाही, असं मुंगसेची बाजू घेणारे म्हणत होते. नाव नसताना टोपी ज्याच्या डोक्यावर बसली तो तक्रार करायला गेला. आपल्याकडच्या 'असली हिपहॉप'मध्येही उखाळ्यापाखाळ्या पुष्कळ झाल्या: २०१८मध्ये रफ्तार आणि एमिवे यांचं वाजलं ते कोण किती कमावतो या बोलण्यावरून, पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन तर पोलीस ठाण्यातला 'तडीपार' हा शब्दच अल्बमला देऊन बसला. ती भांडणं बहुतेक व्ह्यूजच्या आकड्यांत मिटली. मुंगसे-खाडेंच्या गाण्यात कुणी रॅपर समोर नव्हताच. तिथे 'मी' सोसणाऱ्याचा होता, आणि सरकारी यंत्रणेने तो जबानी म्हणून नोंदवून घेतला.

रॉक्सॅन शांतेकडे परत येतो. १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या संगीत संमेलनात रॅपची जंगी स्पर्धा झाली. पंधरा वर्षांची शांते एकेक पुरुष गारद करत अंतिम फेरीत पोचली. समोर कोण, तर तोच बिझी बी, चार वर्षांपूर्वी कूल मो डीने ज्याला उघडा पाडला तो. शांते हरली. परीक्षकांतल्या कर्टिस ब्लोने तिला दहापैकी चार गुण दिले होते. मुलगी जिंकली तर रॅपला कुणी गांभीर्याने घेणार नाही म्हणून दिले, असं ती सांगत आली आहे. २००९मध्ये एका न्यूयॉर्कच्या दैनिकाने तिची गोष्ट छापली: तबकडी कंपनीच्या खर्चाने शिकून तिने कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. महिन्याभरात दुसऱ्या पत्रकाराने शोध घेतला, तशी डॉक्टरेट कुठेच नव्हती, दैनिकाला दुरुस्ती छापावी लागली. चाहत्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे तिच्या आयुष्यावर सिनेमाही आला, त्यात तिचं काम दुसऱ्या मुलीने केलं.

२ फेब्रुवारी २०२५च्या रात्री 'नॉट लाइक अस'ला पाच ग्रॅमी मिळाले. आदल्या दिवशी, त्याच लॉस एंजेलिसमध्ये, टीव्हीवर न दाखवल्या जाणाऱ्या छोट्या समारंभात ग्रॅमीवाल्यांनी जीवनगौरव दिले. त्या यादीत लोलिता गुडनचं नाव होतं, अर्थात रॉक्सॅन म्हणून.